कॉम्प, ईएनटीसी की इलेक्ट्रिकल? नाशिकमध्ये इंजिनिअरिंगला नव्याने येणाऱ्यांसाठी

"ताई, कॉम्प लागत नाहीये. ईएनटीसी घेऊ का?" जून ते ऑगस्ट हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. (कॉम्प म्हणजे कॉम्प्युटर, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन.) मी पाथर्डी फाट्याला राहते आणि अंबडच्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. दहावीनंतर डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला ईएनटीसीची डिग्री, आणि नोकरी लागली ती स्विचगिअरमध्ये (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं), म्हणजे इलेक्ट्रिकलच्या घरात. तिन्ही शाखांचे उंबरे मी झिजवलेत. कॉम्पचा उंबरा झिजला तो मैत्रिणीच्या असाइनमेंट उतरवून काढताना, हेही सांगून टाकते. इतकी वर्षं सोसायटीच्या गेटवर उभं राहून जे सांगत आले, ते एकदा लिहून ठेवते.

पहिली पायरी: आधी शाखा, मग कॉलेज

बहुतेक घरांत हे उलटं होतं. कॉलेज ठरतं आणि मग तिथे जी शाखा मिळेल ती घेतली जाते. पण चार वर्षं तुम्ही इमारतीशी झुंजणार नसता, विषयांशी झुंजणार असता.

तिन्ही शाखांतला फरक समजून घ्यायला निमाणीच्या थांब्यावर उभे राहा आणि मोबाइलवर सिटीलिंकचं, म्हणजे शहर बससेवेचं, ॲप उघडा. बस कुठे आली ते नकाशावर दिसतं. बसमधलं यंत्र उपग्रहांकडून आलेला अतिशय क्षीण सिग्नल ओळखतं, स्वतःची जागा काढतं आणि मोबाइल टॉवरमार्फत पुढे पाठवतं. हे ईएनटीसीचं राज्य. ती जागा सर्व्हरवर पोहोचते, आधीच्या नोंदींशी जुळवली जाते आणि 'सात मिनिटांत येईल' असं उत्तर तयार होतं. हे कॉम्पचं. आणि तो टॉवर, तो सर्व्हर, त्याला थंड ठेवणारा एसी हे सगळं ज्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालतं, ती सबस्टेशनमधून सुरक्षितपणे तिथवर आणणं हे इलेक्ट्रिकलचं काम. बस मात्र सात मिनिटांत येतेच असं नाही, तो भाग कोणत्याच शाखेत शिकवत नाहीत.

मी मुलांना विचारते ते वेगळंच. तुला कोणत्या प्रकारचा बिघाड शोधत बसायला आवडेल? इलेक्ट्रिकलमधला बिघाड तापतो, वास येतो, कधी आवाज करतो. तिथे किलोव्होल्ट आणि हजारो अँपिअरची भाषा असते, चूक महागात पडते आणि काम नियम पाळून, शांतपणे करावं लागतं. ईएनटीसीतला बिघाड दिसत नाही. सिग्नल असतो, पण त्यात नको असलेली खरखर (नॉइज) मिसळलेली असते. सर्किट टेबलावर चालतं आणि डब्यात बसवलं की बंद पडतं. कॉम्पमधला बिघाड सगळ्यात लबाड: प्रोग्रॅम चालतो, धूर निघत नाही, फक्त उत्तर चुकतं, तेही हजारात एकदा. या तिन्हींपैकी ज्याच्यामागे तुम्ही रात्रीचं जेवण विसराल, ती तुमची शाखा.

विषयांची ओळख थोडक्यात. इलेक्ट्रिकलला मशीन्स, पॉवर सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, स्विचगिअर आणि प्रोटेक्शन. ईएनटीसीला इलेक्ट्रॉनिक सर्किट्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, डिजिटल कम्युनिकेशन, मायक्रोकंट्रोलर, व्हीएलएसआय (चिपची रचना). कॉम्पला डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. कंट्रोल सिस्टिम पहिल्या दोघांना, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स तिघांनाही.

हल्ली नावांची गर्दी झाली आहे. एआय अँड डेटा सायन्स, आयओटी, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, आणखी काय काय. नावावर जाऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी काढा आणि शेजारी नेहमीच्या कॉम्पची किंवा ईएनटीसीची यादी ठेवा. दोन-तीन विषयांचाच फरक असेल तर ती तीच शाखा आहे, नवा शर्ट घातलेली.

एक गोष्ट नाशिककरांना खास सांगायची आहे. आपल्याकडे सगळ्यांना कॉम्प हवं असतं आणि इलेक्ट्रिकलला 'शेवटचा पर्याय' म्हणून नाक मुरडतात. पण याच गावात, अंबड-सातपूरला, एबीबी, सीजी पॉवर, श्नायडर, सीमेन्स यांचे कारखाने आहेत. देशभर जाणारे मध्यम व्होल्टेजचे ब्रेकर आणि स्विचगिअर इथे बनतात. एकलहऱ्याला २१० मेगावॉटच्या तीन संचांचं वीज केंद्र आहे. तिथेच रेल्वेचा ट्रॅक्शन मोटार दुरुस्तीचा कारखाना आहे, आणि नाशिकरोडला भारतीय रेल्वेची विद्युत अभियांत्रिकी संस्था आहे, जिथे रेल्वेचे विद्युत अधिकारी शिकायला येतात. कारखान्यांना ब्रेकरच्या मोठ्या चाचण्यांसाठी माल बेंगळुरू किंवा भोपाळला पाठवावा लागायचा. म्हणूनच शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आली. पुण्यातल्या मुलाला जे बघायला बस करून यावं लागतं, ते आपल्या रिंगरोडवर आहे.

दुसरी पायरी: सीईटी आणि कॅप

एमएचटी-सीईटी २०० मार्कांची. फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५० आणि गणिताचे १००, कारण गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क असतात. म्हणजे निम्मी सीईटी गणित आहे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून उठू नका. प्रश्नांचा साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा आणि बाकी बारावीचा असतो. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हेत, शंभरात नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्यामागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या काकूंना हे समजावण्यात वेळ घालवू नका.

कागदपत्रांचं मात्र आजच बघा. डोमिसाइल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. पैकी जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावीतच टाकायचा. दाखल्यावरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते बघा. 'ज्ञानेश्वर' आणि 'न्यानेश्वर' यांच्यातल्या फरकापायी सेतू केंद्राच्या रांगेत आठवडा गेलेला मी पाहिलाय.

मग केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप. नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रमाचा फॉर्म आणि एकामागून एक फेऱ्या. खरी मेख पसंतीक्रमात आहे. पहिल्या फेरीत तुम्ही एक नंबरला लिहिलेलीच जागा लागली, तर ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. तरीही दरवर्षी कोणीतरी 'हे नक्की मिळेल' म्हणून नको असलेलं कॉलेज एक नंबरला टाकतं, आणि ते नक्की मिळतं. यादी आवडीच्या क्रमाने लिहा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नको. वर अवघड जागा लिहिल्याने खालच्या जागांवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. फेऱ्यांचे बारीक नियम बदलत असतात, त्यामुळे सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

कटऑफच्या यादीत 'जीओपनएच', 'एलओबीसीएच' असली चमत्कारिक अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्य पातळी. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो, त्यामुळे मालेगावचा मुलगा इथे 'घरचा' आणि पलीकडच्या धुळ्याचा 'बाहेरचा'. मागच्या वर्षीचे आकडे बघताना आपल्याच रांगेतला आकडा बघा. दुसऱ्याच्या रांगेतला बघून रडलेली किंवा उगाच खूश झालेली मुलं मी पाहिलीत.

पैशांचं. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस म्हणून शिक्षणशुल्क माफ असलेल्या थोड्या जागा असतात, फॉर्ममध्ये तो पर्याय वेगळा भरावा लागतो. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत, शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला किंवा खासगी विद्यापीठाला ही माफी नाही. प्रवेश घेण्याआधी हे विचारलं नाही, म्हणून एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीच्या घरी अजून हप्ते चालू आहेत.

डिप्लोमाची मुलं: तुमची कॅप वेगळी, थेट दुसऱ्या वर्षाची. सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा इतरत्र शिकून आलेल्यांचा हात सर्किटवर बसलेला असतो, त्याचा गर्व बाळगा. पण गणिताचं पुढे सांगते, ते दोनदा वाचा.

तिसरी पायरी: कॉलेज बघायला जाणं

नाशिकमध्ये पर्याय भरपूर आहेत. अमृतधामजवळ के. के. वाघ, आडगावला एमईटी, उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात मविप्रचं केबीटी, इंदिरानगरला गुरू गोविंद सिंग, महिरावणीला संदीप, एकलहऱ्याला मातोश्री, अंजनेरीला सपकाळ, आणि जरा लांब चांदवडला एसएनजेबी. यांत श्रेष्ठ कोण हे मी लिहिणार नाही, ते शाखेनुसार आणि वर्षानुसार बदलतं. काही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने चालतात, काही स्वायत्त झाली आहेत. स्वायत्त म्हणजे पेपर आणि विषयांची मांडणी कॉलेजची, तेव्हा तिथली जुनी प्रश्नपत्रिका आणि विषयांची यादी मागून घ्या.

जायचं ते पावसाळ्यात आणि बसने. रविवारी वडिलांच्या गाडीवरून केलेली फेरी खोटी असते. सकाळी सातच्या पावसात सीबीएसवरून त्र्यंबक रोडला किंवा द्वारकेच्या चौकातून आडगावला जाऊन बघा, मग चार वर्षांचा हिशोब करा. रोज तीन तास प्रवासात जात असतील तर खोली भाड्याने घेणं परवडतं, असं माझं मत.

आत गेल्यावर ऑडिटोरियम बघू नका. लॅब उघडायला सांगा. टेबलं फार चकचकीत असतील तर शंका घ्या, सोल्डरचे डाग पडलेलं टेबल वापरातलं असतं. सीआरओच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची टोकं शाबूत आहेत का ते पाहा. एका प्रयोगाला किती मुलं उभी राहतात ते विद्यार्थ्यांनाच विचारा, स्टाफला नको. सहा जण असतील तर दोघं करतात, एक वाचतो आणि तिघं रीडिंग उतरवून घेतात. त्या तिघांतली एक होण्यात माझं एक अख्खं सेमिस्टर गेलं. आणि लॅब असिस्टंटशी दोन मिनिटं बोला. त्याला तुमच्या प्रश्नाचा कंटाळा आला नाही, तर ते कॉलेज चांगलं.

चौथी पायरी: पहिल्या महिन्यातली खरेदी आणि सवय

लॅपटॉपची घाई करू नका. पहिल्या सेमिस्टरला साधासा पुरतो, आणि कॉम्पलासुद्धा गेमिंगचा लागत नाही. त्याआधी एक डिजिटल मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग टोचून जोडायची पाटी), जंपर वायर, रेझिस्टरचा मिश्र संच, थोडे एलईडी, थोडे कपॅसिटर आणि २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. नंतर एखादा आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा मायक्रोकंट्रोलर. गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात एकदा स्वतः जा. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण काउंटरमागचे काका 'हा नाही, याच्या जागी तो चालेल' असं सांगतात, ते पार्सलमध्ये येत नाही.

मग पहिला प्रयोग, कोणी सांगायची वाट न बघता. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी. थेट जोडला तर एलईडी जातो, म्हणून मध्ये रेझिस्टर. केवढा? लाल एलईडीवर साधारण दोन व्होल्ट पडतात, उरले सात. प्रवाह १५ मिलिअँपिअर हवा. सात भागिले ०.०१५ म्हणजे ४६७, बाजारात मिळतो ४७० ओहमचा: पिवळा, जांभळा, तपकिरी. आता मल्टिमीटरने रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा आणि खरा प्रवाह किती ते काढा. हिशोबाचा आणि मोजलेला आकडा थोडा वेगळा येईल. तो फरक का आला याचं उत्तर वहीत लिहिलं, की तुमचं इंजिनिअरिंग सुरू झालं, प्रवेशाच्या पावतीवर तारीख काहीही असो.

या कामात सगळे जण त्याच त्या खड्ड्यांत पडतात, म्हणून आधीच दाखवून ठेवते. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी पुष्कळदा मध्यावर तुटलेली असते, अर्ध्या बोर्डाला वीज पोहोचतच नाही. मल्टिमीटरची लाल पिन प्रवाहाच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, की शॉर्ट झाला आणि आतला फ्यूज गेला. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला पट्टा असलेली बाजू ऋण, उलटा लावला तर फुगतो आणि फुटतोही. मायक्रोकंट्रोलरची पिन नुसती मोकळी सोडली तर ती कधी शून्य वाचते, कधी एक, हात जवळ नेला तरी बदलते. तिला रेझिस्टरने वर (सप्लायला) किंवा खाली (ग्राउंडला) बांधून ठेवावं लागतं.

आणि सगळ्यात मोठा खड्डा ग्राउंडचा. दोन वेगळ्या सप्लायवरची दोन सर्किटं जोडताना ग्राउंड एकमेकांना जोडायचं राहतं आणि मग काहीच धड चालत नाही. हे नाशिकच्या माणसाला समजायला अवघड जायला नको. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आपण 'पाणी (रामकुंडाजवळच्या) दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं', 'छातीला लागलं' असं सांगतो. आकडा सांगत नाही, तरी अख्ख्या गावाला कळतं, कारण सगळ्यांचा मारुती एकच. व्होल्टेजही असंच कशाच्या तरी तुलनेत मोजलेलं असतं. एकाने रामकुंडाचा मारुती धरला आणि दुसऱ्याने सायखेड्याच्या पुलाचा खांब, तर दोघांच्या 'कमरेएवढ्या' पाण्याला काही अर्थ उरत नाही. ग्राउंड जोडणं म्हणजे दोघांनी एकच मारुती धरणं.

माझी स्वतःची फजिती सांगते. ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल, आउटपुट अपेक्षेच्या एक दशांश. मी तीन ट्रान्झिस्टर बदलले, बायसिंगचा हिशोब पुन्हा केला, दुपार गेली. शेवटी लॅबमधल्या मामांनी प्रोबवरची बारीक कळ दाखवली. ती दहापटीवर होती आणि सीआरओला मात्र एकपट सांगितलेलं. सर्किट पहिल्यापासून बरोबर होतं. तेव्हापासून मी आधी मोजणाऱ्या यंत्रावर संशय घेते आणि मग सर्किटवर. कारखान्यातही हाच क्रम कामाला येतो.

२३० व्होल्टवर काम करायचं तर एकट्याने नाही, अनवाणी नाही आणि घाईत नाही. घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघून घ्या. सप्लाय बंद केला तरी मोठा कपॅसिटर भरलेला असतो, आधी तो रेझिस्टरमधून रिकामा करा.

पाचवी पायरी: एम-थ्रीला घाबरायचं नाही, पण गाफीलही राहायचं नाही

पहिल्या वर्षी एम-वन आणि एम-टू (गणिताचे दोन पेपर), मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग असं सगळ्यांना सारखंच ताट वाढलेलं असतं. ग्राफिक्सला कॉम्पची मुलं शिव्या देतात, देऊ द्या, सुटून जातं. खरा घाट दुसऱ्या वर्षी लागतो. एम-थ्री, म्हणजे लाप्लास, फुरिअर, झेड ट्रान्सफॉर्म. डिप्लोमावाल्यांची एम-वन, एम-टू झालेली नसतात आणि थेट घाटात गाडी घालावी लागते. मी तशीच घातली आणि पहिल्या प्रयत्नात केटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला. प्रवेश झाल्यावर कॉलेज सुरू होईपर्यंत मिळणाऱ्या दिवसांत इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन तेवढं पक्कं करा. दुसरं काही करू नका.

सूत्रं पाठ करण्याआधी हे एकदा करून बघा. १०० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तीच नऊ व्होल्टची बॅटरी. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरू द्या. मल्टिमीटर कपॅसिटरवर लावा, मोबाइलचं घड्याळ सुरू करा आणि दर पाच सेकंदांनी आकडा लिहा. दोन किमती गुणल्या की दहा सेकंद येतात, त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. दहाव्या सेकंदाला साधारण ५.७ व्होल्ट दिसतील, म्हणजे नऊचे ६३ टक्के. विसाव्याला ७.८, तिसाव्याला ८.५ च्या आसपास. कपॅसिटरची किंमत छापल्यापेक्षा वीसेक टक्के इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे तुमचे आकडे थोडे हलतील. आलेख काढा. सुरुवातीला झपाट्याने चढणारी आणि मग आळसावत जाणारी ती रेघ म्हणजेच एम-थ्रीच्या पुस्तकातला 'ई'चा घात. लाप्लास एवढंच करतो, की या रेघेमागचं डिफरन्शिअल इक्वेशन साध्या बीजगणिताच्या रूपात आणून देतो. बेरीज-गुणाकार करून उत्तर काढायचं आणि पुन्हा मागे यायचं.

ही एक रेघ तिन्ही शाखांत भेटते. इलेक्ट्रिकलवाल्याला मोटार तापताना, कारण तापमानही असंच चढतं. ईएनटीसीवाल्याला केबलमधून जाणाऱ्या पल्सच्या कडा बोथट होताना. कॉम्पवाल्याला वाटतं आपला काय संबंध, पण प्रोसेसरमधली प्रत्येक तार आणि प्रत्येक गेट हा असाच इवलासा कपॅसिटर असतो. तो भरायला वेळ लागतो, आणि घड्याळाची गती अमर्याद वाढवता न येण्याचं हे एक कारण.

सहावी पायरी: परीक्षा, सबमिशन वगैरे

यावर फार लिहीत नाही. विद्यापीठाच्या पेपरला पास व्हायला ४० टक्के लागतात. इन-सेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) चांगले मार्क मिळाले की एंड-सेमला (शेवटच्या परीक्षेला) श्वास घेता येतो, म्हणून इन-सेमला 'लहान परीक्षा' समजू नका. मागच्या पाच वर्षांचे पेपर युनिटप्रमाणे कापून चिकटवा, प्रश्नांची चाल कळते. विद्यापीठाच्या नियमात तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. राहिलेला एम-टू घेऊन पुढे सरकता येईल असं समजणारी मुलं तिथे अडकतात आणि इयर डाउन होतं. जर्नल प्रॅक्टिकलच्याच आठवड्यात पूर्ण करा. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या हॉस्टेलला एकच फाइल पुरते, आणि ओरलला सरांना तीच चूक साठ जर्नलांत सापडते.

कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची साधारण अट असते ती दहावीपासून साठ टक्के आणि एकही केटी बाकी नको. मोठ्या आयटी कंपन्या तिन्ही शाखांतून घेतात. त्यामुळे ईएनटीसी किंवा इलेक्ट्रिकल घेतलं म्हणून आयटीचं दार बंद होत नाही. कॉम्पमधून स्विचगिअर डिझाइनला यायचं मात्र सोपं नाही. कोणतं दार एकाच बाजूने उघडतं हे शाखा निवडतानाच ध्यानात असू द्या.

सातवी पायरी: सुट्टी आणि कारखाना

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विकत मिळतं. घेऊ नका. त्यापेक्षा सातपूर, अंबड किंवा सिन्नरला मुसळगावच्या एखाद्या लहान पॅनेल बनवणाऱ्या शेडमध्ये महिनाभर जा, पगार नसला तरी. मोठ्या कंपनीत तुम्हाला काचेतून दाखवतील, लहान शेडमध्ये वायरच्या टोकाचं फेरूल कसं दाबायचं, वायरला नंबर कसा घालायचा, ड्रॉइंग कसं वाचायचं हे हाताला कळतं. निमाचं, म्हणजे इथल्या उद्योजकांच्या संघटनेचं, औद्योगिक प्रदर्शन भरलं की दोन दिवस तिथे घालवा, आणि पत्रकं गोळा करत फिरण्यापेक्षा एकाच स्टॉलवर तासभर प्रश्न विचारा.

विचारायचा एक प्रश्न माझ्याकडून. ११ हजार व्होल्टचा ब्रेकर उघडताना दोन्ही संपर्कांमध्ये ठिणगी लोंबत राहते, ती विझते कशी? आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. ब्रेकर त्या शून्याची वाट बघतो आणि तेवढ्या क्षणात निर्वात पोकळीतलं अंतर पुन्हा निर्धोक करून टाकतो. मग सोलरच्या डीसीमध्ये, जिथे शून्य येतच नाही, तिथे काय करायचं? या प्रश्नावर स्टॉलवरचा इंजिनिअर खुर्ची पुढे ओढून बसेल.

कॉम्पवाल्यांनो, तुम्हीही बाहेर पडा. सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे. असं केंद्र आतून बघायची संधी मिळाली तर सर्व्हरबरोबर तिथल्या यूपीएस, जनरेटर आणि कूलिंगकडेही बघा. 'क्लाउड' जमिनीवर किती वीज खातो ते डोळ्यांना दिसतं.

तिसऱ्या वर्षात ठरवा: गेटची परीक्षा द्यायची, महावितरण-महानिर्मितीच्या भरतीची तयारी करायची की कॅम्पस. तिन्ही एकदम करणारे सहसा तिन्हीकडे अर्धवट राहतात. पदवीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप हाही चांगला रस्ता आहे, आमच्या टेस्टिंगमधले निम्मे लोक त्याच दाराने आले.

आठवी पायरी: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

पुण्याहून तयार प्रोजेक्ट आणून नाव चिकटवायची पद्धत जुनी आहे, आणि इंटरव्ह्यूमध्ये तिसऱ्या प्रश्नाला ती उघडी पडते. विषय गावातला घ्या. द्राक्षबागेतली पानांवरची ओल मोजणारा नोड, कांद्याच्या चाळीतलं तापमान आणि आर्द्रता, शेतपंपाच्या मोटारीचं फेज गेल्यावरचं संरक्षण. निफाड-दिंडोरीत कोणाचा तरी मामा असतोच, तो बाग देतो आणि चुकांवर बोलतोही.

कुंभमेळा २०२७ चा आहे. २००३ च्या कुंभात इथे चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ च्या कुंभाच्या आधी कुंभाथॉन नावाने इथे शिबिरं झाली, त्यातूनच एका शाळकरी मुलाने माणसांची पावलं मोजणारी चटई तयार केली आणि ती मेळ्यात वापरलीही गेली. गर्दीची घनता मोजणं, नेटवर्क कोसळल्यावर निरोप पोहोचवणं, तात्पुरत्या वीजजोडण्यांमधली गळती पकडणं, यांत तिन्ही शाखांना काम आहे. गटात एक कॉम्पची, एक ईएनटीसीची आणि एक इलेक्ट्रिकलची मुलगी घेता आली तर बघा. कॉलेज 'एका गटात एकच शाखा' म्हणेल. विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या, दोनदा द्या.

सर्किट ब्रेडबोर्डवरून उतरवून पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) घ्या, डब्यात बसवा आणि पावसात एक रात्र गच्चीवर ठेवा. सकाळी ते चालत नसेल, तर का चालत नाही हे अहवालात लिहा. ते पान गुळगुळीत निकालांच्या दहा पानांपेक्षा जास्त वाचलं जातं. आणि अहवालाच्या काळ्या बाइंडिंगच्या प्रती करताना स्वतःसाठी एक जास्त काढा. माझी अजून कपाटात आहे, इंटरव्ह्यूला तीच काखेत धरून गेले होते. समोरच्या साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवली आणि पान ४१ वरच्या जळलेल्या रिलेच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हे कसं झालं?"